साहेबांच्या यादीतली झाडं

साहेब पुण्याहून बदलून आले त्या वर्षी आमच्या ह्यांना झाडं आवडायला लागली. त्याआधीच्या साहेबांना ब्रिज आवडायचा, तेव्हा ह्यांना पत्ते आवडत. त्याहीआधीचे साहेब होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या वाटायचे, तेव्हा आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही दुखत असे.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. हे एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. हनुमाननगरात तळमजल्यावर भाड्याचं घर होतं. मागे फरशीबंद अंगण, तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या चुनखडी दिलेल्या भिंती आणि खाली काळी शहाबादी फरशी. अंगणाचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात सकाळी नऊला कुरडया घातल्या तर बारापर्यंत त्या खुळखुळ वाजत. चप्पल विसरून कोणी दुपारी बाहेर गेलंच तर ते नाचत परत येई. अशा अंगणात झाड लावावं हे पाच वर्षांत आमच्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि ते न येण्यात आमचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

साहेबांकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एक अख्खं प्रकरण तापत्या अंगणात कुंड्यांमधून कोणती झाडं लावावीत याबद्दल होतं. लिहिणाऱ्या माणसाचं अंगण विलायतेत होतं. तिकडे ऊन पडलं की लोक खुर्च्या बाहेर काढून बसतात. साहेबांनी त्या प्रकरणावरून यादी केली, ऑफिसात ती टाइप झाली, कार्बन घालून तिच्या प्रती निघाल्या, आणि एक प्रत आमच्या घरी आली. सिल्व्हर ओक, ख्रिसमस ट्री, मॅग्नोलिया, रबर. शेवटी साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, संत्रं. नागपुरात आलो आहोत तर संत्रं हवंच, असं त्यांचं म्हणणं.

ती यादी ह्यांनी देवघराशेजारी खिळ्याला लावली.

रविवारी आम्ही दोघं सायकलरिक्षानं सीताबर्डीला गेलो. फूटपाथवर रोपं विकणारा एक म्हातारा माळी होता. ह्यांनी यादी वाचून दाखवली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "बाबूजी, अंगन तापते का?"

"भरपूर तापते."

"मंग हे काहून नेता? कन्हेर न्या, बोगनवेल न्या. चाफा न्या, त्याले दोन दिवस पानी विसरलं तरी तो रागावत नाही."

"ते तर रस्त्यावरही असते," हे म्हणाले.

"तेच सांगून राहिलो ना. रस्त्यावर जगते ते तुमच्याकडंही जगन."

मला माळ्याचं पटलं. मी चाफ्याच्या रोपाला हातही लावला. पण जगेल ते झाड घ्यावं असा आमचा बेतच नव्हता. साहेबांना दाखवता येईल ते घ्यायचं होतं. पाचही रोपं यादीप्रमाणे घेतली. परतताना रिक्षात माझ्या मांडीवर मॅग्नोलिया होता आणि ह्यांच्या मांडीवर संत्रं. मी चाफ्याविषयी पुन्हा एकदा विषय काढला, तेव्हा हे म्हणाले, "साहेबांना काय दाखवणार? देवळाबाहेर असतं ते झाड?"

घरी सासूबाई होत्या. मूळच्या काटोलकडच्या. तिथल्या आमच्या संत्र्याच्या बागेत त्यांची तीस वर्षं गेली होती. सासरे गेल्यावर बाग थोरले दीर पाहू लागले, आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून आमच्याकडे आलेल्या सासूबाई मग आमच्याकडेच राहिल्या. बागेविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते ह्यांना ठाऊक नव्हतं, कारण ह्यांना दहाव्या वर्षीच शिकायला नागपूरला धाडलं होतं. त्यानंतर बागेशी ह्यांचा संबंध खाण्यापुरता.

सासूबाईंनी रांगेतल्या कुंड्या पाहिल्या. "झाडाले मडक्यात काहून कोंबून राहिला गा? पाय पसराले जागा तरी दे त्याले."

"माय, ही नवी पद्धत आहे."

"असन." मग त्या संत्र्याच्या रोपापाशी खाली बसल्या आणि बुंध्याशी बोट लावून म्हणाल्या, "हे पाहून घे. इथं डोळा बसवला हाय. ही जागा मातीच्या वर राहू दे. बुडाली का वरचं संत्रं मरते अन् खालचं जंभेरी माजते."

ज्यांना बाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे संत्र्याचं झाड खालून संत्र्याचं नसतं. जंभेरी म्हणून एक काटेरी, खरखरीत सालीचं आंबट लिंबू असतं. त्याच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवतात, म्हणजे मूळ जंभेरीचं आणि वरचं झाड संत्र्याचं. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः जीपनं आले. झाडं लावताना मार्गदर्शन करण्याची त्यांना हौस होती. पुस्तकात रोप दोन बोटं खोल लावावं असं होतं. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि संत्र्याच्या बुंध्याभोवती स्वतःच्या हातानं माती ओढून, डोळ्याची जागा पार झाकून, ती छान दाबून बसवली.

सासूबाई दारात होत्या. "बुडवलं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाल्या आई?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब, आशीर्वाद देत आहे," हे म्हणाले.

साहेब गेल्यावर ह्यांनी सासूबाईंना बजावलं, "माय, साहेबासमोर काही बोलत नको जाऊ वं. तुही भाषा त्याईले समजत नाही."

"नाही बोलत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द पाळला. त्यांच्यासारखी शब्द पाळणारी बाई मी पाहिली नाही.

मॅग्नोलिया होळीच्या आधीच गेला. सिल्व्हर ओक एप्रिलपर्यंत टिकला, मग शेंड्याकडून वाळत वाळत खाली आला. ख्रिसमस ट्री मेच्या पहिल्या आठवड्यात विटकरी रंगाचा झाला. रबर तेवढा दारातल्या सावलीत तग धरून होता. हे सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतत. कुंडी हातानं धरवत नसे इतकी तापायची, म्हणजे आत मुळांची खिचडी होत असणार, पण पुस्तकात कुंडी तापण्याविषयी काही नव्हतं.

असं सगळ्यांच्याच घरी चाललं होतं, कारण खात्यातल्या सगळ्यांनीच यादीप्रमाणे झाडं लावली होती. आणि साहेब दर महिन्याला एका रविवारी सकाळी जीप घेऊन घरोघरची झाडं बघायला निघत.

जिवंत ख्रिसमस ट्री फक्त एका टायपिस्टकडे उरला होता. त्याच्या घरामागे मोठं आंब्याचं झाड होतं, त्याच्या सावलीत तो वाचला. मग ऑफिसातल्या चौघांनी मिळून एक व्यवस्था केली. साहेब पहिल्या घरी झाड बघून चहाला बसले की ते झाड मागच्या दारानं निघे, सायकलरिक्षात बसे आणि दुसऱ्या घरी जाई. साहेब दुसऱ्या घरी पोचेपर्यंत ते कुंड्यांच्या रांगेत उभं असे. साहेबांनी दुसरा कप चहा घेतला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. आमचा नंबर तिसरा. आमच्या अंगणात उभं राहून साहेब एकदा म्हणाले, "तुमचं जरा जास्त तजेलदार दिसतंय हो." ह्यांचा चेहरा खरोखर फुलला. झाड आपलं नाही हे ते त्या क्षणी विसरले होते.

एका रविवारी साहेबांनी दुसऱ्या घरी चहा नाकारला. जीप आणि रिक्षा आमच्या फाटकाशी एकाच वेळी येऊन थांबल्या. रिक्षात ओल्या गोणपाटाची शाल पांघरून ख्रिसमस ट्री बसला होता, आणि त्याला धरून टायपिस्ट. मी दारातून बघत होते. आता काय होणार या उत्सुकतेनं मला अगदी बरं वाटत होतं, हे कबूल करते.

हे पुढे झाले. "फिरवून आणलं, साहेब," हे म्हणाले. "एका जागी राहून कोमेजतं."

साहेब थोडा वेळ झाडाकडे बघत राहिले. "छान," ते म्हणाले. "हवापालट हवाच."

साहेबांना कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. पण कळलं म्हटलं असतं तर यादी चुकली हेही म्हणावं लागलं असतं.

संत्रं त्याच जूनमध्ये वाळलं. साहेबांच्या हातचं म्हणून ह्यांनी ते फेकलं नाही, आणि पावसाळ्यात मातीतून एक हिरवागार कोंब वर आला. ह्यांना इतका आनंद झाला की शेजारी पेढे गेले. "मेलं नव्हतंच," हे म्हणाले, "झोपलं होतं." सासूबाईंनी कोंबाचं एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि टाकून दिलं. "फुटलं ना," त्या म्हणाल्या. "बस झालं."

ते झाड मात्र वाढलं. उन्हाला भीक घालीना. चार वर्षांत माझ्या खांद्यापर्यंत आलं, काटे सुईसारखे. चौथ्या वर्षी फुललं, आणि संक्रांतीच्या सुमारास त्यावर सात फळं पिवळी-केशरी झाली. साल जरा खरखरीत होती. कुंडीतल्या संत्र्याची तशीच असते, असं साहेबांनी सांगितलं. पहिलं फळ खायला ते पत्नीसह येणार असं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून हे नव्या पॅंटमध्ये होते. साहेब येण्याआधी त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "माय, तू आत बस. पाहुने गेले का बाहेर ये." सासूबाई लुगड्याची घडी मोडून तयार होऊन बसल्या होत्या. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन पाटावर बसल्या. मला ह्यांचा राग आला. आईला आत बसवून संत्र्याच्या बागेच्या गप्पा मारणारा माणूस, असं मनात येत राहिलं.

बाहेर साहेब आले, खुर्च्या सरकल्या. मी आत फळं सोलायला घेतली. पहिल्या फळाची साल उघडली आणि वास आला तसा माझा हात थांबला. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"जंभेरी हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पह्यल्या पानापासून. येवढे काटे पाह्यले नाहीत का तुमी कोनी?"

"मग सांगितलं का नाही, आई?"

"सांगतलं होतं ना, लावाच्या आधीच. मंग तो म्हने बोलू नको." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आता तुले सांगाचं असन त सांग. अजून येळ हाय."

वेळ होता. बाहेर जाऊन ह्यांना आत बोलावणं दोन पावलांचं काम होतं. मी ते केलं नाही. मी फोडी नीट सुट्या केल्या, शिरा काढल्या, चांगल्या बशीत गोल लावल्या आणि बाहेर नेल्या.

साहेबांनी एक फोड तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा बंद झाला आणि तसाच राहिला. साहेबांच्या पत्नीनं फोड चावली, लगेच रुमाल तोंडाला लावला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "हे लिंबू आहे का?"

आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला.

"संत्रं लिंबाच्याच कुळातलं," साहेब शेवटी म्हणाले. त्यांनी फोड गिळली होती. त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. "कुंडीत आम्लता वाढते. ती प्रकृतीला उत्तम. घ्या ना, तुम्हीही घ्या."

ह्यांनी घेतली. बाग सोडून किती का वर्षं झाली असोत, जंभेरी आणि संत्र्यातला फरक जिभेला कळायला एक क्षण पुरतो. लहानपणी थोरल्या दिरांनी ह्यांना फसवून ती खायला घातली होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटपणाचं होतं की कसलं, मला सांगता येणार नाही.

"हो साहेब," हे म्हणाले. "प्रकृतीला उत्तम."

साहेबांनी जाताना दोन फळं मागून नेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी आमच्या झाडाचं इतकं कौतुक केलं की चौघांनी ह्यांच्याकडे बिया मागितल्या. ह्यांनी दिल्या. त्या चौघांच्या कुंड्यांतून पुढे जंभेरीच उगवली असणार, आणि त्यांनीही ती साहेबांना संत्रं म्हणूनच दाखवली असणार.

त्या दिवशी मात्र पाहुणे गेल्यावर हे आत आले आणि मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सोलताना कळलं."

"सांगितलं नाहीस."

"नाही."

हे अंगणात गेले आणि त्या झाडापाशी उभे राहिले. एक काटा अंगठ्यानं दाबून बघत होते, टोचतो का म्हणून. चांगली खोड मोडली अशी माझी मजा संध्याकाळपर्यंतच टिकली. मग वाटलं, मी शाळेत चुकलेल्या मुलीलाही चारचौघींत असं उभं करत नाही. पण मी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी सुटी होती. सासूबाई अंगणात तूर निवडत होत्या. हे त्यांच्यासमोर फरशीवर बसले. हिवाळा होता म्हणून बसता आलं.

"माय, यावर डोळा बसवता येते का?"

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "येते ना. जंभेरी चांगली माजली हाय. काडी आनाले पायजे."

पुढच्या रविवारी हे एस.टी.नं गावी जाऊन बागेतल्या चांगल्या झाडाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. सासूबाईंना बारीक दिसत नव्हतं, म्हणून त्या सांगत आणि हे दाढीच्या नव्या पात्यानं कापत. सालीला चीर द्यायची, डोळा अलगद उचलायचा, आत सरकवायचा आणि केळीच्या खोडाच्या सोपट्यानं बांधायचा. ह्यांच्या हातांना फायलींची सवय. पहिले चार डोळे चिरडले.

"फाइल बांधते तसं काहून आवळून राहिला?" सासूबाई म्हणाल्या. "फास नाही द्याचा त्याले. पोरीच्या येनीले रिबिन बांधते तसं बांध."

"मी कधी बांधली नाही रिबिन."

"ते बी दिसते."

तीन डोळे बसवले. दोन काळे पडून गळाले. एक महिन्याभरानं फुगला आणि त्यातून बोटभर कोंब आला. सासूबाईंनी यावेळी पान चुरगाळून हुंगलं आणि ते टाकलं नाही, ह्यांच्या हातात दिलं.

त्या उन्हाळ्यात हे पुस्तकाऐवजी आईला विचारून वागले. कोंबाच्या वरची जंभेरी छाटली, कुंडीला चुना लावला. कुंडीभोवती विटा रचून मधे वाळू भरली आणि ती ओली ठेवली. कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या पश्चिमेकडून उभ्या केल्या. जंभेरीचे कोंब खालून आले की सासूबाई चाचपडत शोधून मोडत. रबराच्या झाडाकडे कोणी लक्ष दिलं नाही, ते तसंच जगलं.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. निरोपसमारंभात ह्यांनी भाषण केलं आणि त्यात झाडांचा उल्लेख केला नाही. नवे साहेब बॅडमिंटन खेळायचे. आठ दिवसांत ऑफिसातल्या लोकांच्या रिकाम्या कुंड्या घरोघरी वाळवणाच्या चादरीवर वजन म्हणून गेल्या. आमच्याकडे पांढरे कॅनव्हासचे बूट आले आणि ह्यांचा गुडघा दुखायला लागला. माणूस एका फळानं इतका बदलतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण नव्या साहेबांना हे एकदाही अंगणात घेऊन गेले नाहीत. घरी चहाला आले तेव्हा मधलं दार ह्यांनी स्वतः उठून लोटून घेतलं.

कलमाला तिसऱ्या वर्षी फळं धरली. नऊ लागली, सहा गळाली, तीन उरली. तोवर दिरांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि सासूबाई गावी गेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. एक संत्रं आम्ही दोघांनी वाटून खाल्लं. उरलेली दोन हातरुमालात बांधून हे आणि मी एस.टी.नं गेलो.

गावी दिरांच्या ओसरीवर संत्र्यांची रास पडली होती, एकेक दोन मुठींत मावणार नाही असं. सासूबाई तिच्याच शेजारी बसल्या होत्या. ह्यांनी रुमाल सोडला. आमची दोन्ही संत्री त्या राशीपुढे लिंबांएवढी दिसत होती.

त्यांनी एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिल्या. हे समोर उकिडवे बसले होते. साहेबांपुढे बसत तसे.

"पानी कमी पडलं याले," त्या म्हणाल्या.

"किती कमी?"

"फुलावर होतं तवा. अन् कुंडी लहान हाय." मग त्यांनी उरलेल्या फोडी एकेक करून संपवल्या, बिया हातात जमवल्या आणि दुसरं संत्रं पदराला बांधलं. दिरांनी विचारलं, "ते कशाले ठेवतं माय? इथं टोपलंभर पडले हाय."

"याले शेजारी दाखवाचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "मडक्यातलं हाय म्हनून सांगतलं त कोनाले पटत नाही."